राक्षसाच्या हाडावरची माशी

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, भिंतीकडेच्या वाटा भरल्या, मग बापांनी पोरांना खांद्यावर घेतलं. मंचावर लाल कापडाखाली काहीतरी लांबट झाकून ठेवलेलं होतं. मागच्या पडद्यावर त्याचाच भलामोठा फोटो होता. पिवळट मांडीचं हाड आणि त्याच्याशेजारी काळ्या-पांढऱ्या घरांची मोजपट्टी. पट्टी सांगत होती, हाड ऐंशी सेंटीमीटर. आयोजकांच्या माणसाने कापड क्षणभर उचललं, परत टाकलं आणि हॉलभर 'आहाहा' झालं. माझ्या पुढच्या बाई तर हात जोडून मुसमुसत होत्या. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

स्वतःला 'शोधमहर्षी' म्हणवून घेणारे ते गृहस्थ साखरेच्या पाकातल्या आवाजात बोलत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पूर्वी माणसं दहा-दहा फुटांची होती. विद्यापीठं आणि संग्रहालयं हे दडपून बसली आहेत. का दडपतात, ते विचारायचं नाही. आपण खुजे झालो कारण आपल्या हाडांची 'आठवण' पुसली गेली. ती परत आणायची तर या हाडाच्या सान्निध्यात ठेवलेली 'अस्थितेज' पुडी महिनाभर दुधातून घ्यायची. बाकीची औषधं बंद, कारण ती हाडांना झोपवतात. प्रत्येक पुडीबरोबर उंची मोजायला कागदी टेप फुकट. नवी पुडी, नवी टेप. जुनी परत करायची, कारण तिला जुनी खुजी ऊर्जा चिकटलेली असते. एवढं ऐकूनही कुणी हसलं नाही. मी हसले तर शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, कोपराने ढोसलं.

मग त्यांनी पडद्यावर एक पान दाखवलं. "इतिहासवाल्यांचा सगळ्यात खडूस ग्रुप आहे हा," ते म्हणाले. "कुणालाच भीक घालत नाहीत. त्यांनीसुद्धा मान डोलावली." खाली हिरवा शिक्का होता: 'मोजपट्टीसह. मान्य.' तो ग्रुप आमचाच होता.

मी विमा कंपनीत दावे तपासते. दिवसभर खोटे अपघात वाचायचे, उभ्या गाडीला आलेले पोचे बघायचे आणि लोकांना गोड शब्दांत 'नाही' म्हणायचं. अशा बाईला विरंगुळा म्हणून आणखी खोटेपणाच लागतो. म्हणून मी त्या ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरले. तिथे कुणीतरी रोज जगाचा इतिहास बदलून टाकणारा फोटो टाकायचा आणि आम्ही त्याची पिसं काढायचो. एकाने प्राचीन जलवाहिनी शोधली, तो शेजाऱ्याच्या गच्चीवरून पडलेला पाइप निघाला. एकाला तोफगोळा सापडला. आम्ही विचारलं, बाबा रे, याला तीन भोकं कशी, बोटं घालून फेकायचे का तोफेत? तो बोलिंगचा चेंडू होता. जाम हसायचो. ग्रुप चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे 'सरपंच' म्हणत. त्यांचा एकच कडक नियम होता. शेजारी मोजपट्टी नसेल तर फोटो कचऱ्यात. या नियमाचा आम्हाला कोण अभिमान!

त्या हाडाचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा तिथले गुरांचे डॉक्टर म्हणाले होते, ही सरळसरळ म्हैस आहे, हाडाचे उंचवटेच सांगतात. लगेच दहाजणांनी त्यांना घेरलं. पट्टी बघा की जरा, ऐंशी सेंटीमीटरची मांडी असलेली म्हैस कुठल्या गोठ्यात बसते? दूध बादलीने काढता की टँकरने? डॉक्टरांनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं, मग ग्रुप सोडून गेले. सरपंचांनी शिक्का मारला. मान्य म्हणजे फोटोला माप आहे एवढंच, राक्षस खरा असा नव्हे, असं ते नंतर म्हणत राहिले. पण शिक्का बघणारा माणूस असली खुलासेबाजी वाचत बसत नाही.

ही नुसती चेष्टा राहिली असती तर मी सोडून दिलं असतं. पण ताईच्या घरात चिमणी होती.

चिमणी म्हणजे माझी भाची, चौथीतली. नाव वेगळं आहे, पण अंगापिंडाने एवढीशी म्हणून सगळे चिमणीच म्हणतात. तिला थायरॉइडचा त्रास आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी घ्यायची, हळूहळू वाढ रुळावर येईल, असं तिच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. हळूहळू म्हटलं की आईबापांचा जीव टांगणीला लागतो. शाळेच्या रांगेत पोर कायम सगळ्यात पुढे. येणारी-जाणारी बाई ताईला विचारायची, अगं हिला खायला-प्यायला देतेस की नाही? ताई रडायची. मग तिने तो हिरवा शिक्का बघितला. तुझ्या ग्रुपनेच मान्य केलंय, मला काय शिकवतेस, असं मला सुनावून तिने गोळी बंद केली आणि पुडी चालू केली.

आणि पोर वाढली की! पहिली पुडी संपली, टेपवर दोन सेंटीमीटर जास्त. दुसरी संपली, आणखी. तिसऱ्या पुडीनंतर एकशे पंधराची एकशे तेवीस झाली. ताईने सगळ्या नात्यात फोन केले. भावोजी आधी कुरकुरत होते, तेही गप्प झाले, कारण आकड्याशी कोण भांडणार? मी म्हटलं, अगं, बूट तेच, फ्रॉक तोच, दाराच्या वरच्या कडीला हात अजून पुरत नाही, मग वाढली ती कुठे? ताई म्हणाली, तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही.

पण पोर सुकत चालली होती हे कुणालाही दिसलं असतं. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जड, वर्गात डुलक्या. बाहेर उकडत असताना ती शाल गुंडाळून सोफ्यावर पडून राहायची. मी त्यांच्याकडे गेले त्या रविवारी दुपारीसुद्धा ती तशीच पडलेली होती आणि ताईच्या फोनवर तो हाडाचा फोटो मोठा करून बघत होती.

"मावशी," ती म्हणाली, "राक्षसांच्या वेळी माश्यापण मोठ्या होत्या का गं?"

मी आधी हसले. मग फोन हातात घेतला. हाडाच्या गोल टोकावर एक माशी बसली होती. घरात असते तीच, साधी. चिमणीने बोटाने दाखवलं, पट्टीवर बघ, ही दीड सेंटीमीटर भरते. घरातली माशी जेमतेम तिच्या निम्मी असते. आणि ही माशी काही हाडाबरोबर जमिनीतून निघाली नव्हती, फोटो काढताना येऊन बसली होती. म्हणजे एकतर महर्षींकडे माश्याही राक्षस होत्या, नाहीतर ती पट्टीच खोटी होती. एक सेंटीमीटरचं घर अर्ध्या सेंटीमीटरचं छापायचं आणि हाडाशेजारी ठेवायचं. झाला दुप्पट राक्षस!

मला स्वतःची आणि आमच्या सगळ्या दीडशहाण्या ग्रुपची शिसारी आली. शेकडो चष्मेवाल्यांनी तो फोटो चघळला होता. पट्टी आहे का, एवढंच आम्ही बघितलं. पट्टी खरी आहे का, हे एकालाही सुचलं नाही. म्हैस ओळखणाऱ्या माणसाला मात्र आम्ही हाकलून दिलं.

मग डोक्यात दुसरा विचार आला, उंची मोजायची टेपही महर्षींचीच होती. मी चिमणीला तिच्या कंपासपेटीतली पट्टी आणायला सांगितली आणि महर्षींची कागदी टेप तिच्याशेजारी पसरली. पट्टीवर चौदा झाले तिथे टेपवर पंधरा झाले होते. मी ताईला हाक मारली.

ताई म्हणाली, शाळेची स्वस्तातली पट्टी, तिचा काय भरवसा? भावोजी उठले, स्वतःची स्टीलची टेप घेऊन आले. ती शाळेच्या पट्टीशी तंतोतंत जुळली. ताईने शिवणाची टेप आणली, तीही जुळली. तीन मापं एका बाजूला आणि महर्षी दुसऱ्या बाजूला. जुनी टेप परत का मागतात, तेही तेव्हा कळलं. दर पुडीला थोड्या आणखी आखूड घरांची टेप द्यायची. पोर जागच्या जागी उभी आणि आकडा चढत जातो. शेजारी ठेवून बघायला मागची टेप घरात उरतच नाही.

ताईने चिमणीला भिंतीला उभं केलं आणि स्टीलच्या टेपने मोजलं. एकशे पंधरा. परत मोजलं. परत तेवढंच. ती खाली बसली. "मी तिला रोज सांगत होते, तू वाढतेयस," ती म्हणाली. भावोजींनी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, उद्या सकाळपासून गोळी चालू करा आणि पोरीला घेऊन या.

त्याच संध्याकाळी महर्षींची पुढची सभा होती. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला आणि आधी माफी मागितली. ते गावातच होते. माफीबिफी राहू दे, कुठे यायचं ते सांगा, म्हणाले.

सभेत आधी ताईच उठली. मी तिला थांबवणार होते, पण ती ऐकण्यातली नव्हती. चिमणीची पट्टी हातात घेऊन थेट मंचावर चढली आणि म्हणाली, ही त्या हाडाशेजारी ठेवा. महर्षी हसले. म्हणाले, भोळी आहेस बहिणी, ही आजची पट्टी आहे, हाड त्या युगाचं आहे, त्या युगाचं माप वेगळं होतं.

"मग माझी पोर कुठल्या युगातली?" ताईने विचारलं. "तिला कुठल्या मापाने मोजलीत?"

सगळ्यांचे डोळे ताईवर होते, तेवढ्यात गुरांच्या डॉक्टरांनी लाल कापड बाजूला केलं आणि हाडावर स्टीलची टेप धरली. चाळीस सेंटीमीटर. मग त्यांनी माइक ओढला आणि वर्गात शिकवावं तशा शांतपणे सांगितलं, की ही म्हैस आहे, राक्षस नाही. मी शाळेची पट्टी आणि महर्षींची टेप शेजारी धरून उभी राहिले. ज्यांना बघायचं होतं त्यांनी पुढे येऊन बघितलं. काही आईबाप पिशव्यांतून आपापल्या टेपा काढायला लागले. महर्षी इथे नकारात्मक ऊर्जा आली आहे असं काहीतरी पुटपुटत मागच्या दाराने गेले.

पण खरी किळस मला पुढे आली. मागून एकजण ओरडला, ते राहू द्या हो, पुड्यांचं काउंटर कधी उघडणार? रांगेत आमचा नंबर होता, असंही म्हणाला. त्याच्या मागे आणखी चारजण तसेच उभे होते. हाताला धरलेली पोरं जांभया देत होती. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, तिची चौकशी चालू आहे. पण त्या चार जणांची तक्रार कुठे द्यायची?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी चिमणीला तपासलं, रक्त घेतलं, उंची मोजली. ताईला त्या एका शब्दाने रागावल्या नाहीत. ताईनेच विचारलं, गेलेले महिने भरून निघतील ना? डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "काही भरून निघेल," त्या म्हणाल्या. "सगळं निघेलच असं मी सांगणार नाही. गोळी आजपासून चालू होते, मागच्या महिन्यांपासून नाही." ताईने चिमणीचा हात घट्ट धरला आणि मान खाली घातली.

मी ग्रुपवर सगळं लिहिलं, दोन्ही मापांचे फोटो टाकले. सरपंचांनी शिक्का काढून टाकला आणि खाली म्हशीवर एक विनोद केला. धडाधड हसरे चेहरे आले. एरवी मीही टाकला असता. त्या दिवशी मी लिहिलं, हसणं बंद करा. आपल्या शिक्क्याने एका पोरीची गोळी बंद झाली होती. मापाच्या नावाखाली कुणी जे पुढे करेल, ते आधी दुसऱ्या मापाशी ताडून बघा. चमत्कार करणाऱ्याने दिलेल्या टेपने चमत्कार मोजू नका. खरी गोष्ट आपल्या घरातल्या पट्टीनेही तेवढीच भरते. आणि जो माणूस आपली पट्टी लावू देत नाही, त्याच्या हातचं काहीही पोराच्या तोंडात घालू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका.

मग एका बाईंचा निरोप आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. त्या कधीच काही बोलायच्या नाहीत, नुसत्या वाचायच्या. त्यांनी लिहिलं होतं, "माझ्या मुलाला फिट येतात. त्याचं औषध बंद केलंय. तुमच्या ग्रुपचा शिक्का बघून."

मी त्यांना उलट लिहिलं, "आत्ता उठा. जुन्या औषधाची चिठ्ठी आणि मुलगा, दोन्ही घेऊन दवाखान्यात जा. मला उत्तर लिहीत बसू नका." हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात अशी पुडी असेल, तर त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.