दत्तूचं आवतण

आधीच सांगते, माझं तोंड वाईट आहे. घणसोली गावात कुणालाही विचारा, पुतळाआत्या म्हटलं की लोक पहिल्यांदा हेच सांगतील. शाळेत बावीस वर्षं शिपाई आहे मी, तिथले हेडमास्तरसुद्धा माझ्याशी बोलायच्या आधी खाकरतात. पण प्रियाच्या हळदीच्या दिवशी या तोंडातून शब्द फुटला नाही. दोन महिने झाले त्याला. अजून माझा विश्वास बसत नाही की ते माझ्यासमोर घडलं, आणि माझ्याच हातानं घडलं.

प्रिया माझ्या थोरल्या भावाची, पंढरीदादाची, एकुलती एक पोर. मी नवऱ्याचं घर सोडून आले ती परत गेलेच नाही, त्यामुळे प्रिया माझ्या मांडीवर वाढली. तिच्या आधी त्याच मांडीवर दत्तू वाढला, आमचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. पुढे त्याला बेंजोचं वेड लागलं. आमच्याकडे हळद म्हटली की बेंजो पार्टी हवीच. एक बेंजोवाला, एक कीबोर्ड, ढोलकी, ड्रम, आणि कानाचे पडदे फाटतील एवढे स्पीकर. दत्तू वाजवायला लागला की म्हाताऱ्या कोताऱ्याही नाचायला उठायच्या. पंढरीदादाला ते आवडायचं नाही. त्याचं म्हणणं, चाळीच्या खोल्या भाड्यानं दिल्यात, त्या सांभाळ, लोकांच्या दारात काय वाजवत फिरतोस. एक दिवस दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि दत्तू उरणला निघून गेला. सहा वर्षं भाऊ भाऊ बोलले नाहीत. माझ्याशी मात्र तो रोज बोलायचा.

म्हणून प्रियाचं लग्न ठरल्यावर मी एकच गोष्ट धरून बसले होते. दत्तू आलाच पाहिजे. लग्न आठ दिवसांवर आलं आणि त्याचा फोन लागेना तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. पंढरीदादा म्हणाला, "त्याचा फोन बिघडलाय. मी केली बोलनी त्याच्याशी. येतो बोललाय." दोघांची बोलणी झाली म्हणून मी देवापुढे नारळ ठेवला. आणि हळदीच्या चार दिवस आधी दत्तूच्या नंबरवरून मेसेजच आला: 'हळदीला येतो ताई. टेन्शन घेऊ नको.' मी तो शाळेत सगळ्यांना दाखवला. दत्तू कधी लिहीत नाही, नेहमी बोलून पाठवतो, हे मनात आलं होतं. पण आनंदात कोण एवढा विचार करतं?

दुसरा हट्ट धवलारनीचा. हल्ली आमच्या गावात लग्नाची ती जुनी गाणी, धवला, कोण म्हणतं? माझी वहिनी प्रेमला म्हणाली, "कंला पायजे ती म्हातारी? बेंजो हाय, बस झाला." मी सांगितलं, यशोदाबाई धवला म्हणायला मांडवात बसल्या नाहीत तर मी हळदीच्या वाटीला हात लावणार नाही. यशोदाबाई ऐंशीच्या पुढे गेल्यात. भटजी येतो तो दुसऱ्या दिवशी, त्याच्या आधी हळदीला धवलारीन बसते. ती गाऊन आधी देवांना आवतण देते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. तिची ओळ बायकांनी मागून उचलायची. उचलली नाही तर ती पुढे जात नाही. आणि ज्या गेलेल्या माणसाला बोलावलं नाही ते रुसतं, असं आम्ही मानतो. पंढरीदादा वाद न घालता हो म्हणाला. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी दोनला उरणची पार्टी आली, दत्तूचीच. त्यांचा म्होरक्या विपुल. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि पहिला प्रश्न टाकला, "आमचा नवाब कुठाय?"

विपुल वायर सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "मागून येतोय, ताई."

"सख्ख्या पुतनीची हळद आणि हा मागून येनार? येऊ दे, त्याचा कान पिळते आधी."

कुणी हसलं नाही. दत्तूचा लाल बेंजो दुसऱ्याच एका माणसाच्या मांडीवर होता. दत्तू त्याला कुणाला हात लावू देत नाही. माझी मीच समजूत घातली की येईपर्यंत दिला असेल वाजवायला.

तीनच्या सुमाराला नवऱ्याकडून हळद घेऊन बायका आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. त्यांचं जरा नाजूकच होतं. नवऱ्याचे वडील वारले म्हणून हे लग्न एकदा पुढे गेलं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्यातली एक आजी मुलीच्या पायगुणावर कुजबुजत होती. प्रियाला पाटावर बसवलं. यशोदाबाईंनी गणपतीपासून धवला धरला. आणि नेमका त्याच वेळी विपुलनं आवाज एवढा वाढवला की मांडवाचं कापड थरथरायला लागलं. म्हातारीचे ओठ नुसते हलताना दिसत होते. मी दोनदा हातानं खुणावलं. विपुलनं माझ्याकडे बघितलं आणि पंढरीदादाकडे बघून तसंच चालू ठेवलं.

माझं डोकं सटकलं. मी उठले, बायकांच्या मधून वाट काढत गेले आणि भिंतीजवळचा प्लग खसकन उपटला.

"लाज वाटते का? ती बाई भिंतीला सांगतेय का? वीस मिनटं गप बसलात तर काय हात झडनार हायेत?"

पंढरीदादा दारातून धावत आला. "पुतळे, लाव ते परत. लाव म्हनतो ना."

"नाय लावनार. आपल्या आयबापाला आवतन जातंय, ते तरी आयकू दे."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, चार लोकांत बोलले म्हणून. मी जागेवर येऊन बसले आणि यशोदाबाईंना म्हटलं, "म्हना आजी. आता कोन वाजवतो ते मी बघते."

यशोदाबाईंनी पंढरीदादाकडे एकदा बघितलं. मग डोळे मिटले. आजोबांचं नाव घेतलं, आम्ही ओळ उचलली. आजीचं घेतलं. मग आमच्या बापाचं. मग आईचं:

"या हो या, गोजरामाये, मांडवान या."

"मांडवान या," आम्ही म्हटलं. माझे डोळे भरून आले, आईच्या नावाला नेहमीच येतात. आई शेवटची होती. तिच्यानंतर आमच्या घरातलं कुणी गेलेलं नाही. मी हळदीच्या वाटीकडे हात नेला.

"या हो या, दत्तूलेका, मांडवान या."

सवयीनं माझं तोंड उघडलं. "मांडवान" एवढं म्हणून झालं होतं. माझ्या मागे एकाही बाईचा आवाज आला नाही.

मी हसले. खरंच सांगते, हसले मी. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आजी, काय गो, नाव चुकलं तुमचं. दत्तू जिता हाय. मागून येतोय तो."

यशोदाबाईंनी डोळे उघडले नाहीत. मी प्रेमलाकडे बघितलं, तिनं पदर तोंडात कोंबला होता. विपुल पाटामागच्या स्पीकरवर बसला आणि गळ्यातल्या टॉवेलमध्ये तोंड लपवून गदगदून रडायला लागला. एवढा मोठा बाप्या. मला कळत होतं आणि कळत नव्हतं. मी आपली पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होते.

पंढरीदादा माझ्याजवळ वाकला. हळू आवाजात म्हणाला, "पुतळे, तुज्या कानावर काय पडलं नाय. समजलं? काय पडलं नाय."

तेव्हा मला समजलं. असं माणूस एकाच गोष्टीसाठी बोलतं. घरात कुणी गेलं की दहा दिवस सुतक, सुतकात हळद नाही नि लग्न नाही. पण बातमी कानावर पडेपर्यंत सुतक धरत नाहीत. म्हणून हळद लावणाऱ्या माझ्या कानावर ती पडू दिली नव्हती.

मी विपुलपाशी कशी पोचले आठवत नाही. "कधी?" एवढंच विचारलं.

"आज नववा दिस, ताई. ट्रेलरखाली बाईक गेली. जागच्या जागी." तो टॉवेलातूनच बोलत होता. "पंढरीदादा आले होते. अग्नी त्यांनीच दिला. उद्या सकाळी दहावा हाय. खाडीवर आम्ही पोरं करतो त्याचं. तुमी लगीन बघा."

नऊ दिवस. नऊ दिवस मी लाडूंना रवा भाजत होते, साड्यांना फॉल लावत होते, त्याच्यासाठी झब्बा आणला होता. आणि मेसेज चार दिवसांपूर्वीचा. मी कमरेचा फोन काढून पंढरीदादासमोर धरला. "मंग ह्यो कोनी लिवला?"

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. माझ्या मेलेल्या भावाच्या फोनवरून माझ्या दुसऱ्या भावानं मला 'ताई' लिहिलं होतं. पंढरीदादा वयानं थोरला, जन्मात मला ताई म्हणाला नाही. त्याच्या मुस्काटात मारायला माझा हात उचलला होता, एवढं मला पक्कं आठवतं.

"आत्या."

प्रिया पाटावरून दबक्या आवाजात बोलली. तिच्या कपाळावर नवऱ्याकडच्यांनी टेकवलेलं हळदीचं एकच बोट होतं, ते रडून खाली ओघळलं होतं. "मना परवा समजलं, आत्या. मी बोल्ले लगीन नको. बाबा पाया पडले माज्या."

म्हणजे पोरीलासुद्धा माहीत होतं. अख्ख्या मांडवात ज्या बाईनं त्याला हातानं भरवून मोठा केला तेवढ्या एकीलाच माहीत नव्हतं. मला कुणाचाच राग येईना. माझ्यासारखी बाई, आणि एक शिवी सापडेना.

पुढच्या रांगेतली ती आजी आता मान वळवून विचारायला लागली होती, "काय झाला काय? का थांबवलाय?"

"दम लागला म्हातारीला," प्रेमला म्हणाली.

मी त्या आजीकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर बाया हळदीचं ताट उचलून निघाल्या असत्या. दुसऱ्यांदा लग्न लांबलं असतं, आणि लांबलं म्हणजे मोडलंच. पोर जन्मभर पांढऱ्या पायाची ठरली असती. पंढरीदादाला तीच भीती होती. आणि मी गप्प बसले तर माझा दत्तू असाच गेला, खाडीकडेला, चार वाजवणाऱ्या पोरांच्या हातून, बहिणीनं गळा काढल्याशिवाय.

यशोदाबाई माझ्याचकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "त्याला बोलवल्याबिगर मी बसनार नाय, असं पंढरीला म्या बोल्ले होते. तो बोल्ला, बेंजो जोरान लावतो, तू नाव घे." मग म्हणाल्या, "आता उचल बाय. अर्धी ओळ टाकू नये. तो उंबऱ्यावर उभा हाय."

म्हणजे तो आवाज ते नाव माझ्या कानावर पडू नये म्हणून होता. आणि प्लग मी उपटला.

मी परत येऊन बसले. नवऱ्याकडच्यांना काय माहीत दत्तू कोण. त्यांच्या दृष्टीनं आजोबा-पणजोबांतलंच एक नाव. यशोदाबाईंनी ओळ पुन्हा धरली.

"या हो या, दत्तूलेका, मांडवान या."

मी उचलली. एकटीनं. पहिल्या वेळी आवाज निघालाच नाही, नुसती हवा आली. दुसऱ्या वेळी निघाला. तिसऱ्या वेळी मी एवढ्या जोरात म्हटलं की समोरच्या टॉवरच्या गॅलरीत लोक बघायला आले. दारात पंढरीदादा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याची पाठ हलत होती. मग मी वाटीत बोटं बुडवून हात पुढे केला आणि मध्येच थांबले. ऐकलं होतं मी. माझ्या हाताला सुतक होतं. प्रियानं माझं मनगट धरलं आणि माझा तळवा आपल्या गालावर दाबून ठेवला.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. सकाळी खाडीवर काय झालं ते मला नंतर विपुलनं सांगितलं. मी मांडवात पाहुण्यांना पानं वाढत होते, हसत होते, पुढ्यात येईल त्याला आग्रह करत होते. संध्याकाळी फुलं लावलेली गाडी प्रियाला घेऊन निघाली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी वळली आणि दिसेनाशी झाली. तेव्हा मी तिथंच रस्त्यात खाली बसले आणि छाती पिटून मोठ्यानं रडले. नाव घेतलं नाही, बाकी काही ठेवलं नाही. पंढरीदादा येऊन माझ्या शेजारी धुळीत बसला.

नवऱ्याकडची ती आजी दुसऱ्या गाडीत चढत होती. तिनं वळून बघितलं आणि सोबतच्या बाईला म्हणाली, "आत्याचा लय जीव दिसतो गो पोरीवर."