धुऱ्यावरची ओली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. हो, तीच, अंगाला टोचणारी. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुरकुर नको. मऊ काही हवं असेल तर गोधडीकडे जा. पण रानात आग लागली की गोधडीला कोणी हाक मारत नाही, तेव्हा सगळ्यांना माझीच आठवण होते.

माझा जन्म पुसेगावच्या शिवारातल्या काळ्या मेंढरांच्या लोकरीतून झाला. ज्ञानबाने ती कातरली, त्याच्या बायकोने, सत्यभामाबाईने ती कातली आणि गोरेगावच्या लखमाने मला विणलं. खड्ड्यात पाय सोडून लखमा मागावर बसायचा. चिंचोक्याची खळ लावून त्याने माझं सूत इतकं ताठ केलं की घरी आल्यावर सत्यभामाबाई म्हणाली, "आवं, ही घोंगडी हाय का कवाड?" मला तेव्हा राग आला होता. पुढे वापरून वापरून मी नरमले आणि रागही गेला.

ज्ञानबाकडे शेती बेताची आणि मेंढरं पुष्कळ. पावसात मी त्याच्या डोक्यावर खोळ व्हायची, थंडीत त्याच्या अंगावर, आणि माणसं आली की ओट्यावर बैठकीला. बसणारा प्रत्येक जण "टोचतीय" म्हणायचा आणि तरी उठायचा नाही. माणसाची ही रीत मला कधी कळली नाही. पण माझं खरं काम निघायचं ते उन्हाळ्यात, धुरे पेटवायच्या दिवसांत.

शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. धुऱ्यावर कुसळी गवत माजतं. हिरवं असेतोवर मेंढरं ते आनंदाने खातात. वाळलं की त्याची कुसळं लोकरीत शिरतात, लोकरीतून कातडीत आणि कातडीतून मांसात. मेंढरू लंगडतं, खाणं सोडतं, झुरून मरतं. म्हणून ते गवत पुन्हा उगवायच्या आत जाळून टाकायचं.

जाळायचं म्हणजे उचलली काडी आणि लावली असं मात्र नाही. त्याचे नेम होते आणि ते गावाला फार महागात पडून कळले होते. अनुसयाबाई नावाची विधवा आमच्या गावात होती. तिची वर्षाची ज्वारी खळ्यावर पडलेली असताना शेजारच्या गड्याने तिला न सांगता धुरा पेटवला आणि तो भाकर खायला घरी गेला. भाकर खाऊन येईपर्यंत खळ्याची राख झाली होती. त्यानंतर म्हातारी जिवंत असेतोवर कुठे धूर दिसला की काठी टेकत जायची आणि विचारायची, "वखर फिरवला का? शेजारी कुठाय? घोंगडं वल्लं केलं का?" लोक तिला हसायचे, पण तिच्या धाकाने सगळं नीट करायचे.

आधी धुऱ्याच्या दोन्ही अंगांनी वखराच्या पाळ्या घालून पट्टा साफ करायचा, म्हणजे उघड्या मातीशी येऊन आग उपाशी मरते. काडी दिवस उगवताना लावायची, वारा निजलेला असतो तेव्हा. तीही वारा जिकडे जातो त्या टोकाला, म्हणजे आगीला वाऱ्याच्या तोंडावर चालावं लागतं आणि ती दमाने पुढे सरकते. राखेवर अनवाणी पाय ठेवता येईपर्यंत तिथून हलायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नेम हा की धुरा दोन शेतांचा असतो, तेव्हा तो एकट्याने पेटवायचा नाही.

ज्ञानबाच्या धुऱ्यापलीकडे बद्रुद्दीनचं वावर. तो गोरेगावच्या बाजारात धान्याचा व्यापार करायचा आणि उन्हाळ्यात शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे कुडाच्या खोपटात राहायचा. दरवर्षी दोघं मला घागरीच्या पाण्याने भिजवायचे आणि दोन टोकं धरून धुऱ्यावरून चालायचे. "ज्ञानबा, तुझी घोंगडी हाय का रेडा? सगळं पाणी पिऊन टाकलं," असं बद्रुद्दीन दरवर्षी म्हणायचा, आणि ज्ञानबा दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

मग अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला.

निजामाचं राज्य शेवटचे आचके देत होतं. इकडे रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या, तिकडे वऱ्हाडच्या हद्दीपलीकडे त्यांच्याशी लढणाऱ्यांच्या छावण्या होत्या. रानात धूर दिसला की लोक आता गवत जळतंय असं समजत नसत. कोणाचं घर पेटलं म्हणून कुऱ्हाडी घेऊन धावत. माणसं ओट्यावर माझ्यावर बसत, पण बोलणं कुजबुजीत. ज्ञानबा आणि बद्रुद्दीन यांचं भांडण झालं नव्हतं. पण ज्ञानबा बद्रुद्दीनकडे गेला की संपतराव पाटील विचारायचे, "काहून गेला व्हतास?" आणि बद्रुद्दीन इकडे बघून हसला की त्याचा पुतण्या फारुक त्याला टोकायचा. मग दोघांनी एकमेकांकडे बघणंच सोडलं.

त्यात बद्रुद्दीनची लेक अमीरबी बाळंतपणाला आली होती. गावात राहायची भीती वाटत होती म्हणून सगळं कुटुंब आखाड्यावरच होतं. बाळंतीण आणि तिचं तान्हं लेकरू आत, आणि आखाड्याला लागून कडब्याची रचलेली गंज.

इकडे धुऱ्यावर कुसळी गुडघ्याच्या वर वाळून उभी होती. "पेटवाया पाहिजे," सत्यभामाबाई एके दिवशी म्हणाली, "पर त्याला बोलवल्याबिगर नगा." दुसऱ्या दिवशी ज्ञानबाने पहाटेच वखर जुंपला. आपल्या बाजूने पाळ्या घातल्या आणि धुऱ्याशी येऊन थांबला. पलीकडच्या बाजूला न विचारता बैल घालायचे कसे? त्या वर्षी तर मुळीच नाही. मग त्याने मला भिजवलं, धुऱ्यावर ठेवलं आणि तो बद्रुद्दीनची वाट बघत बसला. वखर चालताना दिसला की शेजाऱ्याने आपण होऊन यायचं, अशीच रीत होती.

बद्रुद्दीन आखाड्याच्या दारात उभा होता. मला दिसत होता. त्यालाही आम्ही दिसत होतो. पण त्याचं पाऊल काही उचलेना. शेवटी तो आत गेला.

दिवस वर आला. माझं पाणी सुकू लागलं. ज्ञानबा पुटपुटला, "न्हाई येत. त्याची बी तकलीफ हाय." त्याने मला पुन्हा भिजवलं आणि काडी ओढली. अरे ज्ञानबा, उठून घरी जायचं होतंस! शेजाऱ्याची वाट बघण्यात सकाळ गेली, आणि सकाळ गेली म्हणजे वाऱ्याची झोप गेली. पण घोंगडीचं कोण ऐकतो?

आग आधी शहाण्यासारखी चालली. मग वावटळ उठली. आमच्या बाजूला उघडी माती होती, तिथे ज्वाळा मुकाट विझल्या. पलीकडे माती उघडी नव्हतीच. ज्वारीच्या धसकटांतून आग सरळ गंजीच्या दिशेने पळाली, आणि गंजीपलीकडे ती बाळंतीण.

"बद्रुद्दीनभाई! लेकराला भाईर काढा! आग!" ज्ञानबा ओरडत धावला. मी त्याच्या खांद्यावर, पाणी गळतंय, वजनाने तो अडखळतोय.

बद्रुद्दीन कुऱ्हाड घेऊनच बाहेर आला. त्याला काय दिसलं असेल? मागे जाळ आणि जाळातून आपल्या घरावर चालून येणारा माणूस. त्याने कुऱ्हाड उगारली. "थांब तिथंच! तू बी? तू बी, ज्ञानबा?"

ज्ञानबा थांबला. तो आवाज ऐकून आणि ती कुऱ्हाड बघून मला वाटलं, संपलं, आता गवतासाठी माणूस मरतो.

तेवढ्यात बद्रुद्दीनची बायको अमिनाबी दारातून ओरडली, "अवो, बघा तरी त्याच्या खांद्यावर काय हाय! जाळाया येणारा वल्लं घोंगडं घेऊन येतो का?"

कुऱ्हाड खाली पडली. बद्रुद्दीनने माझं एक टोक धरलं, ज्ञानबाने दुसरं. ते मला आगीवर आपटत होते, उचलत होते, पुन्हा आपटत होते. अमिनाबी घागरींनी मला भिजवत होती. जळक्या केसांचा वास येत होता, तो माझाच. एका टोकाला मी पार कोळसा झाले. गंजीने पेट घेतला तेव्हा तिघांनी मिळून तिचा आखाड्याकडचा भाग ओढून दूर फेकला, आणि उरलेली गंज जळू दिली. आग आखाड्याच्या कुडापर्यंत आली आणि तिथे मेली. आत लेकरू रडत होतं. ते रडणं ऐकून ज्ञानबा मटकन खालीच बसला.

पण खरी भीती अजून पुढे होती. धूर गावाने पाहिला होता. एका वाटेने संपतराव पाटील माणसं घेऊन आले, दुसऱ्या वाटेने फारुक त्याची माणसं घेऊन. दोन्हीकडे काठ्या, कुऱ्हाडी आणि मधे जळकी गंज. कोणी पहिला शब्द चुकीचा बोलला असता तर त्या दिवशी गवताबरोबर काय काय जळालं असतं, सांगवत नाही.

"चाचा, कुणी लावली?" फारुकने विचारलं.

ज्ञानबाने उठून तोंड उघडलं. तो खरं बोलणार होता, तो तसलाच. पण बद्रुद्दीन त्याच्या आधी बोलला, "लावायचं काय त्यात? आमी दोघांनी धुरा पेटवला. दरसाल पेटवतो. वारा फिरला."

"तुझा कडबा गेला की," संपतराव म्हणाले.

"गेला. मीच उशिरा आलो धुऱ्यावर. माझीच चुकी."

फारुक बराच वेळ माझ्या जळक्या टोकाकडे आणि चाचाच्या भाजलेल्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने काठी खाली केली. माणसं आली तशी दोन वाटांनी परत गेली. ज्ञानबा रडला. बद्रुद्दीन त्याला म्हणाला, "गप. राख गार व्हायची हाय अजून." आणि दोघं संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.

सप्टेंबरात फौज आली, निजामाचं राज्य गेलं. गाव नाचलं, ज्ञानबाही नाचला. पण काही दिवसांतच आसपासच्या गावांतून वाईट बातम्या येऊ लागल्या. रझाकारांवरच्या रागापायी, ज्यांनी काही केलं नव्हतं त्या मुसलमानांचीही घरं आता पेटत होती. बद्रुद्दीनने गाडी जुंपली. हट्ट्याला अमिनाबीचं माहेर होतं. निघताना ज्ञानबाने मला अमीरबीच्या आणि लेकराच्या अंगावर पांघरलं. सत्यभामाबाई लेकराच्या गालावरून हात फिरवत राहिली आणि गाडी हलली तरी तिचा हात निघेना.

आता मी हट्ट्यात आहे. अमिनाबीने माझं जळकं टोक कापून कड शिवली. मी आखूड झाले, पाय झाकले की डोकं उघडं पडतं. लेकरू माझ्यावर रांगतं आणि त्याला मी टोचत नाही, याचं मला नवल वाटतं. परत जायचं की इथेच राहायचं, यावर घरात रोज बोलणं निघतं. बद्रुद्दीनला जायचंय. अमिनाबी म्हणते, "लेकरू घेऊन मी पुन्ना त्या जाळात जाणार न्हाई."

काल पुसेगावकडचा वसराम बैल विकायला इकडे आला आणि भेटायला थांबला. अमिनाबीने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "ज्ञानबाभाऊची मेंढरं कशी हायेत?"

"काय सांगू, भाभी. कुसळानं लंगडून राहिलीत. दोन मेली. लोक म्हणून राहिले, धुरा पेटव ना, पलीकडचं वावर आता रिकामंच हाय, कुणाला इचारायचं? तर त्यो म्हणला, रिकामं न्हाई. मालक गावाला गेलाय."

अमिनाबी उठली. आत गेली, चुलीपुढे बसली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "वसरामभाऊ, त्याला सांग, चैतापर्यंत थांब म्हणावं. आमी येऊन राहिलो."

तेव्हा मंडळी, मला निघायची तयारी करायची आहे. तुमच्याकडे एकच मागणं. वाटेने जाताना कुठे धुऱ्यावर धूर दिसला, तर तिथे माणसं दोन आहेत का बघा. एकटाच असला, तर जाऊन त्याच्या शेजारी उभे राहा.