तात्यांचा उपास

रोहित पाया पडायला वाकला आणि तात्या मागे सरकले. "राहू द्या, राहू द्या," म्हणत चांगली दोन पावलं मागे. रोहितचे हात हवेतच राहिले. त्याच्या आईनं ते बघितलं, आणि तिनं बघितलेलं मी बघितलं.

झाली सुरुवात, म्हटलं.

तात्या म्हणजे माझे वडील. मखमलाबादला भाजी आणि फुलं पिकवतात, आणि त्यांचा राग आमच्या भाऊकीत प्रसिद्ध आहे. माझं पहिलं स्थळ पत्रिकेनं मोडलं. दुसरं तात्यांनी मोडलं, मानपानावरून, भरल्या ताटावरून उठून. हे तिसरं. मी तिशी ओलांडलेली, बँकेत नोकरीला, आणि रोहित मला मनापासून आवडला होता. उद्या सकाळी सुपारी फुटायची होती. सोमवारी तो सिंगापूरला परत जाणार तो दीड वर्षानं येणार. त्याच्या आईनं मध्यस्थाकडून स्वच्छ निरोप पाठवला होता की या खेपेला ठरलं तर ठरलं, नाही तर पुण्याची एक मुलगी बघून ठेवली आहे.

आदल्या संध्याकाळी दोन्ही घरांनी निवांत जेवावं, ही रोहितची कल्पना. दोन हजार सातची गोष्ट. गंगापूर रोडला नवीनच एक हॉटेल निघालं होतं, पाटीवर 'एशियन फ्युजन' लिहिलेलं, म्हणजे चिनी, थाई, जपानी सगळं एकाच टेबलावर आणि सोबत कॉकटेल. आई उद्याच्या स्वयंपाकाच्या तयारीत होती, म्हणून मीच व्हॅन चालवत तात्यांना घेऊन आले. वाटेत ते अवाक्षर बोलले नाहीत. दुपारी त्यांनी पुन्हा डोक्यावरून आंघोळ केली होती, आणि कपाळावर रोजचं गंध नव्हतं.

"गंध राहिलं, तात्या."

"राहू दे."

मला वाटलं, मोठ्या बाबांची काळजी असेल. मोठे बाबा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ, भिमाजी. नांदगावला महिनाभर अंथरुणाला खिळले होते. तात्या त्यांना बघायला जाणार होते, पण माझ्या सुपारीच्या धावपळीत ते जाणं राहून गेलं. ज्या भावानं खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याच्यासाठी माणूस गप्प बसणारच. पण म्हणून जावयापासून मागे सरकायचं?

रोहितच्या आईनं पेढ्यांचा बॉक्स उघडला. "सिन्नरहून आणलेत. तोंड गोड करा."

तात्यांनी पेढा घेतला आणि समोरच्या बशीत ठेवून दिला. "माझा उपास आहे."

"बुधवारचा? कसला हो?"

"आहे एक."

मी मेनूकार्डाच्या आडून त्यांच्याकडे डोळे वटारले. आमच्या घरात एकादशी आई धरते. तात्या तिची साबुदाण्याची खिचडी खातात आणि वर भाकरी मागतात. या माणसाला आजच उपास कुठून आठवला?

रोहितनं आधी तात्यांना विचारलं आणि मगच कॉकटेल मागवली. उंच ग्लासात बर्फ, लिची आणि आमच्या बांधावर माजतो तसल्या गवती चहाची एक काडी उभी. रोहितचे वडील खूश झाले. त्यांनी तात्यांचा खांदा दाबला. "घ्या हो, काढाच आहे हा. नाही तर बिनदारूचं सांगू तुमच्यासाठी?"

"नको."

"अहो, निदान पाणी?"

"नको म्हटलं ना."

वाफाळते मोमो आले, नूडल्स आल्या, नारळाच्या दुधातली कसली तरी हिरवी आमटी आली. तात्यांची प्लेट कोरीच. हातांची घट्ट घडी घालून ते समोरच्या ग्लासाकडे बघत बसले होते. मला दुसऱ्या स्थळाची ती पंगत आठवली, तेव्हाही ते उठायच्या आधी असेच बसले होते. रोहितनं हळूच माझ्याकडे बघितलं, काय झालंय म्हणून. मला काय माहीत?

तात्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी कट केला. परत वाजला, परत कट केला.

"महत्त्वाचा असेल. घ्या की," रोहितची आई म्हणाली.

"नाही, फुलांचा व्यापारी आहे."

तिनं काटा खाली ठेवला. "तात्या, मी सरळ विचारते. पोराला पाया पडू दिलं नाही, पेढा खाल्ला नाही, आमच्या पंगतीला पाणीसुद्धा घेतलं नाही. उद्याचं तुमच्या मनात आहे ना?"

"आहे. पोरीची शपथ, आहे."

फोन पुन्हा वाजला. माझं डोकंच सरकलं. "द्या इकडे. मी सांगते त्या व्यापाऱ्याला." तात्यांनी फोन घट्ट धरला होता. मी तो अक्षरशः ओढून घेतला आणि बाहेर पार्किंगमध्ये आले. मी हॅलो म्हणायच्या आतच पलीकडचा माणूस बोलायला लागला.

"तात्या, निगले का नाय? बाबांना आजून किती येळ ठेवायचं? तुमी दुपारी म्हनले, तिथलं उरकून लगेच निगतो. मानसं खोळंबली हायेत. तुमी आल्याबिगर कसं उचलायचं?"

मोठ्या बाबांचा मुलगा होता, गोरक्षदादा.

"दादा, मी मनीषा बोलतेय."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुला सांगायचं नव्हतं. तात्यांनी बजावलं व्हतं. एक काम कर मने, तू ऐकलंच नाय असं समज. आमी उरकून घेतो."

सुतक कानावर आलं की लागतं. म्हणून तात्यांनी ते आईच्या कानावर येऊ दिलं नव्हतं, माझ्याही नाही. स्वतः मात्र दुपारपासून एकटेच पाळत होते. आंघोळ केली, गंध लावलं नाही, नमस्कार घेतला नाही. माती होईपर्यंत भाऊकीत कुणी जेवत नाही, तोच त्यांचा उपास. आणि मी त्यांच्यावर डोळे वटारत होते.

ऐकलंच नाही असं समज. खोटं कशाला सांगू, मी तसं समजून बघितलं. काचेतून रोहित दिसत होता. मला तो हवा होता. फोन बंद करायचा, आत जाऊन व्यापारी होता म्हणायचं, की उद्या सुपारी. आणि तात्यांनी भावाचं तोंड बघायचं नाही, कधीच.

"दादा, थांबवा," मी म्हटलं. "तात्यांना घेऊन येते."

टेबलाशी आले तेव्हा तात्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना समजलं. "मने, गप," ते म्हणाले. "तुला काही कळलेलं नाहीये."

"कळलंय, तात्या." मी रोहितच्या आईकडे वळले. "आमचे मोठे बाबा गेले. दुपारी. आम्हाला सुतक आहे. उद्याचं होणार नाही."

"माझ्या एकट्यालाच आहे," तात्या घाईघाईनं म्हणाले. "पोरीला नाही. तिला माहीतच नव्हतं. तुम्ही उद्या..." दुपारपासून दाबून धरलेलं सगळं फुटलं. त्या बर्फाच्या ग्लासांपुढे माझे वडील तोंडावर उपरणं धरून लहान पोरासारखे रडले.

रोहितच्या आईनं पेढ्यांचा बॉक्स बंद केला. "म्हणून पाया पडू दिलं नाहीत," ती म्हणाली. "आधी जा तुम्ही." उद्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि पुण्याच्या मुलीबद्दलही नाही. मी तिच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते बघितलं. सापडलं नाही.

रोहित व्हॅनपर्यंत आला. सवयीनं तात्यांच्या पायाशी वाकला, मध्येच त्याला आठवलं आणि त्यानं हात मागे घेतले. "सावकाश चालव," एवढंच मला म्हणाला.

आधी घरी जायचं होतं, आईला घ्यायला. तिची चूल बंद करायला लावायची होती. तात्या शेजारी बसून उपरण्याचं टोक पिळत होते.

"माझ्या एकट्यावर भागलं असतं, मने," ते म्हणाले. "तुलाही लागलं आता."

"लागू द्या," मी म्हटलं. "माझेही होते ते."