उंदराचं सोंग

देवळामागे बसून चांगो तव्याची काजळी तोंडाला फासत होता. पुढे अंगणात ढोलकी सुरू झाली होती. तो अजून दिसलाही नव्हता, तरी माणसं हसायला लागली होती.

त्या वर्षांत शिमग्याला चांगोची सोंगं बघायला मुरबाडहून माणसं किन्हवलीला यायची. एरवी चांगो म्हणजे मान खाली घालून भातशेती करणारा अबोल माणूस. पण अंगणात उतरला की कुणाची चाल, कुणाचा खोकला हुबेहूब उचलायचा. गेल्या शिमग्याला त्याने भातगिरणीच्या शेटचं सोंग काढलं होतं. पोटाला उशी बांधून, तागडीवर हळूच कोपर टेकवून. शेट तिथल्या तिथे भडकले, "बंद करा हे!"

"शेट, सोंगाला कोन बंद करनार?" चांगो म्हणाला होता. "पुढल्या साली तुमी माझं काढा की!"

सगळा गाव त्याच्या बाजूने हसला होता.

यंदा कातकऱ्याचं सोंग होतं. काठीला चिंध्यांचा उंदीर लटकवून चांगो झोकांड्या खात आला. "घावला रे घावला! आज कातोड्याची दिवाली!"

लोक पोट धरून हसले. मग एकाने मागे वळून बघितलं, दुसऱ्याने बघितलं. पार मागे, कातकरीवाडीची माणसं बसायची तिथे, जानी बसली होती. चांगोच्याच शेतावर ती लावणीला यायची.

"काय गो जाने, आज काय शिजवलंस?" कोणीतरी ओरडलं.

आता हसू चांगोकडे नव्हतंच, सगळं तिच्याकडे वळलं होतं. जानी उठली, पदर सारखा केला आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी चांगो वाडीवर गेला. जानी लाकडांची मोळी बांधत होती.

"राग आला गो? सोंग होतं ता. शेटचं नाय का काढलं?"

"शेटला दुसऱ्या दिवशी समद्यांनी रामराम घातला," जानी म्हणाली. "मी मगाशी दुकानात गेले, तं पाठीमागून 'घावला रे घावला' वरडत होते." तिने दोर आवळला. "बंद कर नाय बोलत मी. पन शेटला बोललास, माझं सोंग काढा. आमी तुजं कुठं काढायचं रे? आमाला त्या अंगनात उभं कोन करनार?"

तिने मोळी डोक्यावर घेतली, तेव्हा हात लावायचंही चांगोला सुचलं नाही.

पुढच्या शिमग्याला लोक "उंदीर! उंदीर!" म्हणून ओरडू लागले.

"ता नाय करनार," चांगो म्हणाला.

"मंग तुजी बाकीची सोंगं पन नकोत!" मंडळी चिडली. गर्दीतल्या गणूने काठी उचलली आणि उंदराचं सोंग त्याने काढलं. त्याला चांगोची सर नव्हती, तरी लोक हसले.

चांगो पुन्हा कधी अंगणात उतरला नाही. पुढे कितीतरी वर्षं मुरबाडची जुनी माणसं विचारायची, "तो शेटवाला कुठं गेला हो?"

गणूने सोंग काढलं त्या दिवशी मात्र तो गर्दीतून मागे मागे जात वाडीच्या माणसांपर्यंत पोचला. मागे वळून हसणाऱ्यांना आता आधी त्याचं काजळी नसलेलं तोंड दिसत होतं. तो तसाच मातीत टेकला. जानीने आपल्या बुडाखालचं पोतं थोडं त्याच्याकडे सरकवलं.