धाकटीचा दिवा

सासऱ्यांनी जावयाला आजवर एकही काम सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत त्याने त्यांची डुगडुगती खुर्ची मोठ्या उत्साहाने दुरुस्त केली होती आणि संध्याकाळी आलेले पाहुणे तिच्यावर बसले तसे खाली आले होते. तेव्हापासून जावई घरात शिरला, की सासरे पक्कड कपाटात टाकून कुलूप लावत. त्यामुळे "दिवा बिघडलाय, बघून जा" असा खुद्द त्यांचाच फोन आला, तेव्हा जावयाला हुरूप आला आणि घामही फुटला. आज जमलं तर जमेच्या बाजूला पहिली नोंद होणार होती.

"आज तरी काही मोडू नकोस," बायकोने जिन्यातच बजावलं.

दिवा म्हणजे दुधी काचेचा एक गोळा. लांब राहणाऱ्या धाकट्या लेकीने जोडीतला एक आईला पाठवला होता, एक स्वतःकडे ठेवला होता. कामावरून सुटली की ती तिकडच्या गोळ्याला हात लावायची आणि वायफायच्या वाटेने इकडचा केशरी व्हायचा. मग सासूबाई इकडे हात लावायच्या, तिकडचा उजळायचा. फोन होतेच की. पण सासूबाईंचा हिशेब वेगळा होता. फोन कामासाठी येतो, दिवा बिनकामाचा लागतो, म्हणून तो जास्त आपला. आठवडाभर तो मुका होता आणि त्या जाता-येता त्याची काच पुसत होत्या.

जावयाने बाह्या सारल्या. गोळ्याखालचं बटण दाबून धरलं, तसा तो लुकलुकला. मोबाइलवरच्या ॲपला दिवा सापडला, त्याने वायफायचा पासवर्ड मागितला. जावयाने टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. समोर सासरे हाताची घडी घालून परीक्षकासारखे बसलेले.

"बाबा, पासवर्ड बदललाय का?"

"छे! मी कशाला काय बदलतोय?" सासरे एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, की स्वयंपाकघरातल्या मायलेकींना नीट ऐकू जावं. आणि लगेच उठले. "चला, राउटर बघू."

राउटर बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटावर होता. तिथे पोचताच त्यांचा आवाज तळाला गेला.

"बदललाय. हळू बोला. वरच्या मजल्यावरची मुलगी आपल्या वायफायवर अभ्यास करते. तुमच्या सासूबाईंनीच पासवर्ड देऊन टाकला, मला न विचारता. ऐन मॅचमध्ये चित्र अडकायला लागलं हो! म्हणून गुपचूप बदलला. आमच्या दोघांच्या फोनमध्ये नवा टाकला. कुणाला पत्ता नाही."

"आणि दिव्यात?"

"दिव्यात? तो काय, दिवा..." सासरे मधेच थांबले.

शेजाऱ्याच्या पोरीला हाकलताना त्यांनी आपल्या पोरीलाही दाराबाहेर काढलं होतं.

"आणि मी आठ दिवस हिला काच पुसताना बघतोय," ते हळूच म्हणाले. चेहरा असा उतरला, की जावयाला ती खुर्ची आठवली. एका वाक्यात तिचं उट्टं निघालं असतं.

"टाका नवा पासवर्ड," एवढंच तो म्हणाला.

दिव्यापाशी परतल्यावर सासऱ्यांनी त्याचा मोबाइल घेतला, पाठ फिरवली आणि तो छातीशी धरून पासवर्ड टाकला. जावयालाही दिसू दिला नाही.

दिव्याचं लुकलुकणं थांबलं. मायलेकी धावत आल्या. "काय झालं होतं?"

सासरे छत न्याहाळत होते.

"माझंच चुकलं, आई. गेल्या रविवारी आलो होतो ना, तेव्हा माझ्याकडून ते बटण दाबलं गेलं."

"मला वाटलंच!" बायको म्हणाली.

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. "वरच्या मुलीचंही तेव्हापासूनच बंद आहे. तेही तुम्हीच दाबलंत वाटतं?"

सासऱ्यांना ठसका लागला. तेवढ्यात गोळा केशरी झाला. सासूबाईंनी दोन्ही तळहात त्यावर ठेवले आणि बराच वेळ उचललेच नाहीत.

"सुटली बाई," त्या दिव्याला म्हणाल्या.

"मी जरा वर जाऊन येतो," सासरे पुटपुटले. "त्या मुलीला... सांगून येतो." पण आधी ते कपाटाकडे गेले, कुलूप काढलं आणि पक्कड जावयाच्या हातात दिली.

"स्वयंपाकघरातला नळ गळतोय. बघता का?"

"अहो बाबा, हा आणि नळ?" लेक ओरडली.

"तू गप्प बस. फार तर काय, पाणी येईल."