बीजींची खुर्ची

दिग्दर्शक म्हणून सांगतो, नायिकेची आई सेटवर आली की माझ्या सिनेमातल्या प्रेमकथेचं वाटोळं झालंच म्हणून समजा. नायिका कमलेशची आई, बीजी, रोज कॅमेऱ्याशेजारीच खुर्ची टाकायच्या. नायक हरबंस कमलेशच्या जरा जवळ सरकला, की यांचं खाकरणं सुरू. शेवटी वैतागून मी दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचं झाडच उभं केलं.

आज बापाचा सीन होता, म्हणून झाड बाजूला काढून ठेवलं होतं. बापाचं काम करणारे मेहता गरजले, "त्या पोराशी लग्न केलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!" कमलेश सुंदर रडत होती. आणि बीजी ओढणीनं डोळे पुसत थेट कॅमेऱ्यापुढे!

"बाप आहात की कसाई? एवढा जीव जडलाय पोरांचा, द्या की लावून लग्न!"

टेक वाया गेला. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात हरबंसनं बीजींचे पाय धरले. "बीजी, मग आमचं खरंच लावून द्या ना!" कमलेशनं मान खाली घातली.

बीजींचे डोळे खटकन कोरडे झाले. "पाय सोड मेल्या! नटाला देऊ माझी पोरगी?"

मग खुर्चीत बसून मला म्हणाल्या, "ते झाड आणा हो परत. आणि जरा जाड खोडाचं बघा."