शार्दूल कधी बंद पडत नाही

पिंप्राळ्यातल्या अभिमनआबांकडे मोटार नव्हती आणि त्यांना मोटार चालवताही येत नव्हती. सायकलवरूनसुद्धा उतार आला की ते खाली उतरायचे. तरीही निम्म्या जळगावात मोटार घ्यायचं ठरलं की माणसं आधी आबांकडे यायची, मग बँकेत जायची. कारण आबा मोटारीत मागे बसलेले होते. पुढे बसणाऱ्याला नाना शंका येतात. स्टेअरिंग थरथरतं, काटा वर चढतो, कसला तरी वास येतो. मागे बसणाऱ्याचं मत मात्र कायम ठाम असतं.

आबा जिच्यात मागे बसत ती गाडी शार्दूल, आणि ती होती धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या यादवनानांची. दोघे शाळेपासूनचे दोस्त. नाना दोन वर्षांनी मोठे, म्हणून आबा त्यांना 'तुम्ही' म्हणत आणि नाना आबांना 'तू'. नानांचं बियाण्यांचं दुकान होतं, महिन्यातून दोनदा जळगावची खेप असायची. आबा एका जिनिंग कंपनीत हेडक्लार्क, त्यांचीही धुळ्याला कामं निघत. नसली तर ते काढत. नानांनी चौऱ्याहत्तर साली शार्दूल घेतली तेव्हा धुळ्यात ती पहिलीच होती. तेव्हापासून पंधरा वर्षांत ही गाडी रस्त्यात बंद पडलेली आबांनी एकदाही पाहिली नव्हती.

चहाला थांबायची, ते वेगळं. नानांसारखा चहाबाज माणूस खानदेशात दुसरा नव्हता. फागणे आलं की चहा, मुकटी आलं की चहा. मग पारोळा, एरंडोल, पाळधी. गाडी टपरीशी लागते न लागते तोच नाना आबांचा हात धरून बाकड्यावर नेऊन बसवायचे, तेही गाडीकडे पाठ करून. सोबत कायम कौतिक असायचा. पन्नाशीचा, अंगाने वाळका, नखं काळी. "आमचा लांबचा मेव्हणा, याला हवापालट लागते," असं नाना सांगत. दोघांचा चहा होईपर्यंत हा मेव्हणा बॉनेट उघडून उभा असायचा.

"काय करतोय तो?" आबांनी एकदा विचारलं होतं.

"इंजिनाला वारा दाखवतोय. कंपनीच्या पुस्तकातच लिहिलंय."

आबांनी ते पुढे कित्येकांना सांगितलं. जळगावात आजही दोन-तीन माणसं अशी सापडतील जी दर पंधरा मैलांवर इंजिनाला वारा दाखवतात.

आबांच्या शब्दावर जळगाव-धुळ्यात नऊ जणांनी शार्दूल घेतली. त्या बंद पडू लागल्या तेव्हा एकेक जण चोरासारखा आबांकडे आला. आबांचं उत्तर ठरलेलं होतं. "शार्दूल बंद पडत नाही. ती बंद पाडली जाते." एकाने तीन ड्रायव्हर बदलले. एकाने स्टेअरिंगला लिंबू-मिरची बांधून पाहिली, मग सत्यनारायण घातला. पण चारचौघांत कुणी अवाक्षर काढलं नाही. गाडीची तक्रार करायची म्हणजे आपलाच हात वाईट म्हणून कबूल करायचं. त्यामुळे नऊच्या नऊ जण चौकात भेटले की एकमेकांना सांगत, "गाडी एक नंबर आहे."

एकच माणूस बोलला, तो शार्दूल घेणारा दहावा, आबांचा मेव्हणा. खरा मेव्हणा, कमलबाईंचा धाकटा भाऊ रुपचंद. त्र्याऐंशी साली त्याने देवपुरात घर बांधलं. वास्तुशांतीला अख्खी भावकी वरण-बट्टीवर बसलेली असताना तो तूप वाढत आला आणि म्हणाला, "दाजी, तुमच्या शार्दूलचं काही खरं नाही बरं का. काल पांझरेच्या पुलावर उभी राहिली, ढकलत आणली."

पंगत थांबली. आबांनी बट्टी कुस्करता कुस्करता, मान वर न करता सांगितलं, "गाडी उत्तमच आहे रुपचंद. काही माणसांच्या हाताला चांगली वस्तू मानवत नाही."

नव्या घरात, नव्या भिंतींच्या देखत हे बोलणं झालं. रुपचंदने तूप वाढलं आणि तो पुढच्या पानाकडे गेला. त्या दिवसापासून तो आबांशी बोलला नाही. त्याचा भुर्दंड मात्र कमलबाईंना पडला.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी जातात. झोक्यावर बसतात, सासरची उणीदुणी गाण्यात घालतात आणि वर्षभराच्या मोकळ्या होतात. पण बाई आपली आपण जात नाही. माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो, मुराळी. त्र्याऐंशीनंतर कमलबाईंना मुराळी आला नाही. पाच आखाज्या त्यांनी दारात बसून आळीतल्या इतर बायकांचे मुराळी मोजले. सहावी आठवड्यावर आली तेव्हा कुरडयांचा चीक ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "सगळ्यांचे मुराळी मोटारीतून येतात. माझा मोटारीखाली सापडला."

एवढंच बोलल्या. आबांना रात्रभर झोप आली नाही. सकाळपर्यंत त्यांनी उपाय काढला होता. माफी मागायचा प्रश्नच नव्हता. यादवनानांना घेऊन रुपचंदकडे जायचं, नानांनी त्याला चार गोष्टी समजावायच्या, क्लच कसा दाबावा, वारा कसा दाखवावा. हात सुधारला की मन सुधारेल. नानांना न कळवताच त्यांनी धुळ्याची एस.टी. पकडली.

मुकटी मागे पडलं आणि आबांना खिडकीतून पांढरी शार्दूल दिसली. रस्त्याच्या कडेला निंबाखाली उभी, बॉनेट उघडं. नाना एका दगडावर बसले होते, डोक्यावर ओला पंचा. आबा खूश झाले. त्यांनी कंडक्टरला घंटी मारायला लावली, तिथेच उतरले आणि धुळीतून चालत निघाले. टपरी कुठे दिसेना, पण नाना आहेत म्हणजे चहा असणारच.

नानांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आबांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ते काही बोलणार तोच गाडीखालून आवाज आला. गाडीखालच्याला फक्त धोतराचे पाय दिसत असावेत, आणि ते त्याला रस्त्याने जाणाऱ्या कुणाचे तरी वाटले असावेत.

"नाना, आज तिसरी खेप शे! बरं व्हयनं, जयगावना आबा संगे नहीत. आठे तर चहानी टपरी बी नही. काय सांगतात त्यासले?"

 नानांनी डोक्यावरचा पंचा डोळ्यांवर ओढला.

"नाना," कौतिक पुढे म्हणाला, "पंधरा वरीस मी हिनाखाले शे. आते मना जीव जाई, हिना नही जावाव."

"कौतिक," नाना म्हणाले, "बाहेर ये. आबा आलेत."

कौतिक बाहेर आला नाही. त्या परिस्थितीत गाडीखालची जागाच सगळ्यात बरी होती.

आबांनी आधी बॉनेटकडे पाहिलं, मग नानांकडे. मग ते हळूहळू, एकेक करून, फागण्यापासून पाळधीपर्यंतचे सगळे चहा आठवू लागले. त्यांना आम्लपित्त होतं. डॉक्टरांनी चहा बंद सांगितला होता, तरी नानांचं मन मोडू नये म्हणून त्यांनी पंधरा वर्षं तो घोटला होता.

"मेव्हणा नाही का हा?" त्यांनी विचारलं.

"मिस्त्री आहे. पगारी."

"कंपनीने तुम्हाला काय दिलं?"

"मला? काही नाही."

"कमिशन?"

"अरे, साधं कॅलेंडर नाही दिलं कधी."

"काही तरी घेतलं असतंस तर मला बरं वाटलं असतं," आबा म्हणाले. "पैशापायी माणूस फसवतो, ते समजतं. फुकट फसवलंस तू मला."

उभ्या जन्मात आबांनी नानांना पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं.

नाना दगडावरून उठले. "पहिल्या आठवड्यातच पुलावर बंद पडली. लोक जमले. मी म्हटलं, नदी बघायला थांबलोय. लाजेनं बोललो रे. नवी गाडी, सगळं गाव बघतंय. तेवढ्यावर मिटलं असतं. पण तू जळगावात जाऊन सांगितलंस, यादवनानांची गाडी बंदच पडत नाही. लोक मला येऊन विचारायला लागले. आता मी काय सांगू, अभिमन खोटं बोलतो? तुझा शब्द पडू नये म्हणून मिस्त्री ठेवला मी. तुझ्यासाठी!"

"माझ्यासाठी," आबा म्हणाले.

"मग कुणासाठी? मला चहा आवडत नाही."

खरं तर आबांना खूप बोलायचं होतं. नऊ माणसं, त्यांचे बदललेले ड्रायव्हर, ती पंगत, कमलबाई. पण त्यांना एकाएकी असं दिसलं की या माणसाला आपल्याबद्दल सगळं माहीत होतं. रुपचंदशी बोलणं तुटलं तेही माहीत होतं. त्यावर "होईल नीट" असं म्हणून यानेच पारोळ्याला दोन कप मागवले होते.

"बस गाडीत," नाना म्हणाले. "सोडतो तुला धुळ्यापर्यंत."

गाडीखालून आवाज आला, "आबा, तुम्ही एस.टी.नीच जा."

देवपुरात रुपचंदच्या दारात आबा उभे राहिले तेव्हा दुपार झाली होती. रुपचंद ओट्यावर बसून स्कूटर पुसत होता. त्याने दाजींना पाहिलं, फडकं खाली ठेवलं, आतून पाणी मागवलं. सहा वर्षांचा अबोला असला तरी पाण्याची पद्धत कुणी मोडत नाही.

आबांनी पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. निंब, कौतिक, चहा, सगळं. शेवटी म्हणाले, "तुझा हात वाईट नव्हता रुपचंद. गाडीच वाईट होती. चूक माझी. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांत परत घेतो. आखाजीला तुझ्या बहिणीला न्यायला ये."

त्यांना वाटलं, रुपचंदचे डोळे भरून येतील. रुपचंदने इकडे तिकडे पाहिलं आणि उठून दार लोटून घेतलं.

"हळू बोला दाजी. हे आणखी कुणाला सांगितलं?"

"कुणाला नाही."

"देव पावला. गाडी मी दोन वर्षांपूर्वी विकली. हिलालअण्णांना."

हिलालअण्णा म्हणजे रुपचंदचे व्याही. त्याची लेक प्रमिला त्यांच्या घरात दिलेली, दोन गल्ल्या पलीकडे.

"तुला माहीत होतं ना ती बंद पडते?"

"मला काय माहीत होतं? मला हेच माहीत होतं की माझा हात वाईट आहे. तुम्हीच सांगितलं होतं, अख्ख्या पंगतीत! मी म्हटलं, अण्णांचा हात चांगला असेल. आता त्यांच्याकडेही बंद पडते, रोज. मी काय सांगणार? मी सांगितलं, अण्णा, गाडी बंद पडत नाही, पाडली जाते." रुपचंद खाली बसला. "आता तुम्ही म्हणता गाडीच फुटकी होती. हे अण्णांच्या कानावर गेलं तर व्याह्याने फसवलं असं होईल. आणि ते ऐकणार कोण रोज? माझी पोरगी."

 आपलं वाक्य आपल्याला परत भेटलेलं आबांनी ओळखलं.

"अक्काला न्यायला मी येतो," रुपचंद म्हणाला. "स्वतः येतो. पण आधी माझ्यासोबत अण्णांकडे चला. ते तुम्हाला मानतात. त्यांना एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"काय ऐकू द्या?"

"जे नऊ जणांना ऐकवलंत ते."

हिलालअण्णांच्या अंगणात शार्दूल उभी होती, धुऊन पुसून, पुढच्या काचेवर झेंडूची माळ. अण्णा आबांना पाहून धावतच आले. सत्तरीचा, भरदार मिशांचा माणूस, पण गाडीचा विषय निघाला आणि लहान झाला.

"आबा, तुम्ही यातले जाणकार. आता काय लपवायचं? काल नातवाला दवाखान्यात न्यायचं होतं, अर्ध्या वाटेत उभी राहिली. खरं सांगा, हिच्यात दोष आहे का माझ्या हातात?"

दाराच्या चौकटीत प्रमिला चहाचे कप घेऊन उभी होती. ती आत येईना. तिचं लक्ष कपांवर नव्हतं. रुपचंद गाडीच्या टायरकडे पाहत होता.

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"नातू कसा आहे?"

"बरा आहे. रिक्षा मिळाली."

"हं," आबा म्हणाले. "अण्णा, गाडी उत्तम आहे. तुम्ही स्टेअरिंग फार घट्ट धरत असाल."

अण्णांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. पन्नास वर्षं त्या हातांनी नांगर धरला होता, बैल आवरले होते. "असेल," ते म्हणाले. "ही सूनबाई सांगते मला, तुमचा हात जडच आहे म्हणून." प्रमिला पुढे आली आणि तिने पहिला कप आबांना दिला. आबांनी तो घेतला.

संध्याकाळी ते घरी पोचले. रुपचंद स्वतः येतोय हे ऐकल्यावर कमलबाईंनी आधी विश्वास ठेवला नाही. मग एकदम उठल्या, ट्रंक ओढली, हिरवं लुगडं काढलं, नाकाशी धरलं, परत घडी घातली, परत उलगडलं. सहा वर्षांत आबांनी त्यांना असं घरभर फिरताना पाहिलं नव्हतं.

"काय बोलणं झालं तुमचं?" त्यांनी विचारलं. "कोण नमलं?"

"कुणी नाही. समजूत पटली."

"मग चूक कुणाची निघाली?"

आबा पायातल्या चपला काढत होते. त्या काढायला त्यांना बराच वेळ लागला. रुपचंदने निघताना दारात घातलेली शपथ साधी होती. कुणालाच नाही, अक्कालासुद्धा नाही. बायकांत एकदा गेलं की देवपुरात पोचायला दिवस लागत नाही.

"रुपचंदचीच," आबा म्हणाले. "त्याचा हातच तसा."

कमलबाईंची घडी थांबली. आबांना वाटलं आता त्या चिडतील. भावाची बाजू घेऊन भांडतील. त्या भांडल्या असत्या तर कदाचित आबांनी सगळं सांगून टाकलं असतं.

"मला ठाऊकच होतं हो," कमलबाई हलकेच म्हणाल्या आणि लुगडं ट्रंकेत ठेवलं. "लहानपणापासून त्याला एक वस्तू धड हाताळता येत नाही. मीच मेली उगाच सहा वर्षं तुमच्यावर रुसले."